टर्फचा नमुना नंतर, आधी खड्डा

“आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद अशी मोकळी जागा आहे. सध्या तिथे साधे गवत आहे, तेही निम्मे वाळलेले. तिथे कृत्रिम टर्फचे छोटे मैदान करायचे घाटते आहे. मुलगी १४ वर्षांची, ती टेनिस खेळते. मुलगा १० वर्षांचा, त्याला क्रिकेटशिवाय काही सुचत नाही. ह्यांना बास्केटबॉलची रिंग हवी आहे. ठेकेदाराने टर्फचे चार नमुने आणून दिले. त्यातला ४० मिलिमीटर उंच पात्यांचा सगळ्यात मऊ आणि हिरवागार आहे, मला तोच आवडला. आहे त्याच गवतावर रोलर फिरवून दोन दिवसांत अंथरून देतो, असे तो म्हणतो. फक्त कोपऱ्यातले झाड काढावे लागेल. ते झाड माझ्या सासऱ्यांनी लावलेले आहे, त्यामुळे घरात रोज वाद. बाकीचे आम्ही बघून घेऊ. चारपैकी कोणता नमुना घेऊ, एवढेच सांगा.”

ताई,

आज तरी चारपैकी एकही घेऊ नका. नमुने ड्रॉवरमध्ये ठेवून द्या आणि ठेकेदाराला “पंधरा दिवसांनी बोलू” म्हणून कळवा. दोन दिवसांत मैदान करून देणारा माणूस मैदान करत नाही, सतरंजी अंथरतो. सतरंजीखालची जमीन जशी असेल तसाच तुमचा चेंडू उडणार. टर्फ ही शेवटच्या दिवसाची खरेदी आहे, हा धडा मी पदरमोड करून शिकलो. ती गोष्ट पुढे येईलच.

आधी तुमच्या पत्रात न विचारलेला प्रश्न घेऊ. तिथे नेमका कोणता खेळ होणार? घरातल्या तिघांना तीन खेळ हवे आहेत आणि तुम्हाला मऊ हिरवळ हवी आहे, म्हणजे चार मागण्या झाल्या. टर्फ एक मागणी नीट पुरवते, दुसरी जेमतेम. तुम्हाला आवडलेला ४० मिलिमीटरचा नमुना बहुधा बागेसाठीचा आहे. त्यावर बसायला, लोळायला मजा येते, पण टेनिसचा चेंडू त्यात पडला की तिथेच थबकतो. उंच पात्यांचे टर्फ फुटबॉललाही वापरतात, पण ते वेगळे असते. त्यात वाळू आणि वर रबराचे किंवा दुसरे कसले तरी दाणे भरतात, म्हणून पाती उभी राहतात. चेंडूला टप्पा हवा असेल तर पाती आखूड, दाट आणि वाळूने भरलेली हवीत. १२ ते १५ मिलिमीटर उंचीचे, वाळू भरायचे टर्फ मागा. हाताला ते नमुन्यात खरखरीत लागेल आणि तुमचे मन खट्टू होईल. होऊ द्या.

आता जागेचे गणित. टेनिसचे पूर्ण कोर्ट २३.७७ मीटर लांब असते, शिवाय दोन्ही टोकांना धावायला जागा लागते. ते तुमच्याकडे होणार नाही. हे मुलीला तुम्हीच स्पष्ट सांगा, नाहीतर काम चालू असताना ती रोज टेप घेऊन बाहेर येईल. पण टेनिसच्या नेटपासून सर्व्हिसची रेषा ६.४० मीटरवर असते. म्हणजे एका सर्व्हिस रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत १२.८० मीटर होतात, आणि तेवढे तुमच्याकडे आहेत. सामन्याआधी हात मोकळे करायला खेळाडू याच पट्ट्यात हळू हळू रॅली करतात. तिला विचारा, तिला हे ठाऊक असणार. सर्व्हिसचा सराव घरी होणार नाही, पण व्हॉली, स्लाइस, नेटजवळचे पायकाम भरपूर होईल.

मुलाचे सोपे आहे. क्रिकेटची खेळपट्टी स्टंपपासून स्टंपपर्यंत २०.१२ मीटर असते, तीही मावणार नाही. पण दहा वर्षांच्या मुलाला १३-१४ मीटरवरून कुणीतरी हाताने चेंडू टाकत राहिले तर त्याची फलंदाजी सुधारायला तेवढे पुरते. टेनिसचा किंवा मऊ चेंडू वापरायचा. घराच्या काचा आणि शेजाऱ्यांची मने दोन्ही जपायची असतील तर सिझनचा चेंडू इथे आणूच नका. आणि जाळी फक्त बाजूंनी लावून भागत नाही, वरूनही हवी, कारण या वयातले फटके आडवे कमी आणि आभाळाकडे जास्त जातात.

राहिले तुमचे हे. बास्केटबॉल टर्फवर होत नाही. वाळूच्या थरावर तो जड चेंडू आपटला की गुडघ्याएवढाही उडत नाही, आणि ड्रिबल करणारा माणूस दोन मिनिटांत वैतागतो. त्यांच्यासाठी गाडी उभी राहते तिथल्या काँक्रीटवर रिंग लावा. बोर्डापासून फ्री थ्रोची रेषा ४.६ मीटरवर असते, एवढी जागा बहुतेक गाडीच्या जागेत निघते. आज ना उद्या कुणीतरी पिकलबॉल, म्हणजे छोट्या कोर्टवर फळीसारख्या बॅटने खेळायचा टेनिससारखा खेळ, सुचवेल, कारण ते कोर्ट १३.४१ बाय ६.१० मीटरचे आणि तुमच्या जागेत सहज बसते. पण तो पोकळ प्लॅस्टिकचा चेंडू टर्फवर मरतो. त्याला कडक पृष्ठभाग लागतो. पिकलबॉलच हवा असेल तर टर्फचा विचार सोडा आणि काँक्रीट करा. दोन्ही एकात करू नका.

झाडाबद्दल माझे मत सरळ आहे. झाड राहू द्या, मैदान आखूड करा. १८ पैकी ३ मीटर झाडाच्या बाजूला मोकळे सोडा, १५ मीटर उरतात. तुमच्या मुलीचे १२.८० मीटर त्यात बसून दोन्हीकडे थोडी मागे सरकायला जागा राहते. झाडाची मुळे मात्र तीन मीटरवर थांबत नाहीत, मैदानाखाली ती येणारच. त्या बाजूला यंत्राने खणू नका, हाताने खणा आणि अडीच सेंटीमीटरहून जाड मूळ दिसले की फावडे थांबवा. तेवढ्या भागात खोली थोडी कमी ठेवली तरी चालते. खालून पाणी आणि हवा झिरपेल असाच पाया करायचा आहे, त्यामुळे मुळे गुदमरणार नाहीत. पानगळीचा त्रास होईल, हे खरे. पण भर दुपारी त्या कोपऱ्यात सावलीही पडेल, आणि तिचे मोल तुम्हाला पहिल्याच उन्हाळ्यात कळेल.

उन्हावरून एक गंमत सांगतो. कृत्रिम गवताचे नाव जगभर झाले ते अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोममुळे. १९६५ साली हे छप्पर असलेले स्टेडियम सुरू झाले तेव्हा आत खरे गवत होते आणि छताला पारदर्शक तावदाने. त्यांच्या झळाळीत खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून तावदाने रंगवली. रंगवली तर ऊन अडले आणि गवत मेले. मग १९६६ साली कृत्रिम गवत आणले, आणि स्टेडियमच्या नावावरूनच ‘अॅस्ट्रोटर्फ’ हे नाव पडले. म्हणजे या वस्तूचे नाव झाले ते ऊन पोचत नव्हते अशा जागी, आणि आपण ती उघड्यावर, डोक्यावर सूर्य घेऊन पसरतो. खरे गवत पाणी बाष्पाच्या रूपाने सोडून स्वतःला गार ठेवते. प्लॅस्टिकला ती सोय नाही. भर उन्हात टर्फचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सियसच्या वर जातो. पाणी मारले की गार होते, पण थोड्याच वेळात पुन्हा तापते. म्हणून दुपारी खेळ बंद, आणि अनवाणी तर नाहीच. आणखी एक पाहून ठेवा. घराच्या खिडक्यांना उष्णता परतवणाऱ्या दुहेरी काचा असतील तर त्यांच्यावरून एकवटून पडणारे ऊन टर्फची पाती वितळवू शकते. तुमचे मैदान भिंतीलाच लागून आहे, तेव्हा एखाद्या स्वच्छ दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत जमिनीवर कुठे झगझगीत पट्टा पडतो का ते बघा.

आता मुख्य काम, म्हणजे खड्डा.

काही वर्षांपूर्वी मी माझ्या घरामागे असेच मैदान करून घेतले. टर्फ उत्तम होते, सांधा दिसत नव्हता, पहिले दोन महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते दाखवत होतो. मग जोराचे पाऊस झाले आणि मधोमध दोन हात रुंदीचा एक पट्टा हळूहळू खाली बसला. तिथे पूर्वी पाण्याच्या पाइपसाठी चर खणून नुसत्या मातीने बुजवला होता. ठेकेदाराने विचारले नाही, मी सांगितले नाही. चेंडू त्या पट्ट्यावर पडला की हमखास वळायचा. मुलांनी त्याचे नाव ‘नाला’ ठेवले आणि घरचा प्रत्येक गोलंदाज नाल्यात चेंडू टाकायला शिकला. शेवटी वाळू काढून, टर्फ गुंडाळून, चर पुन्हा खणून खडीने भरावा लागला. खर्च जवळजवळ पहिल्याएवढाच आला. तेव्हा कुदळ पडण्याआधी पाइप, केबल, सेप्टिक टँक, ड्रेनेजचे चेंबर कुठे आहेत ते चुन्याने जमिनीवर आखा. चेंबरचे झाकण टर्फखाली कधीही गाडू नका. ते कधी ना कधी उघडावे लागते, आणि बहुधा पाहुणे आलेले असतानाच.

आहे त्या गवतावर टर्फ अंथरले तर खालचे गवत कुजते, माती मऊ पडते आणि एका मोसमात पृष्ठभाग डोंगर-दऱ्यांचा होतो. त्यामुळे वरची माती काढायचीच. १५ सेंटीमीटर खडी आणि त्यावर दोन-तीन सेंटीमीटर बारीक कच (दगडाचा चुरा), असा अंदाज धरला तर सुमारे १८ सेंटीमीटर खणावे लागेल. १५ बाय ८ मीटरसाठी (९ऐवजी ८ का, ते रोलच्या रुंदीत पुढे कळेल) ती सुमारे साडेएकवीस घनमीटर माती झाली. खणलेली माती फुगते, त्यामुळे ढीग त्याहून मोठा दिसेल. तो कुठे जाणार आणि त्याचे भाडे कोण देणार, हे दरपत्रकात लिहून घ्या. भांडणे बहुतेक या ओळीवरूनच होतात.

खड्ड्याचा तळ आधी ठोकून घट्ट करायचा आणि त्यावर जिओटेक्स्टाइलचे कापड अंथरायचे. हे कापड पाणी खाली जाऊ देते, पण चिखल वर येऊन खडीत मिसळू देत नाही. खडी फोडलेली, टोकदार हवी. नदीतले गोल गोटे एकमेकांत अडकत नाहीत, कितीही ठोका, ते सरकतच राहतात. खडी एकदम १५ सेंटीमीटर टाकून वरून रोलर फिरवला तर वरचा थर घट्ट होतो आणि खालचा सैलच राहतो. सात-आठ सेंटीमीटरचा थर टाका, थोडे पाणी मारा, प्लेट कंपॅक्टर, म्हणजे थरथरत्या पत्र्याने जमीन दाबणारे यंत्र, फिरवा, मग पुढचा थर. दबाई झाली का ते पाहायला यंत्र लागत नाही. बुटाची टाच जोरात दाबा. खळगा पडला तर दबाई झालेली नाही. सगळ्यात वर बारीक कच. काही जण इथे नुसती वाळू पसरून पातळी करतात, कारण ते सोपे जाते. ते करू देऊ नका. वाळू टाचेखाली सरकते आणि गोलंदाज जिथे पाय आपटतो तिथे महिन्याभरात खड्डा होतो.

पातळी म्हणजे सपाट नव्हे. दर मीटरला एक सेंटीमीटर उतार हवा, आणि तो घराकडून बाहेरच्या बाजूला. आठ मीटर रुंदीत आठ सेंटीमीटर पडतात. खेळताना ते जाणवत नाहीत, पाण्याला मात्र कळतात. दोन्ही कडांना दोरी ताणून, पाणसळ लावून तपासा. मग तीन मीटरची सरळ पट्टी पायावर ठिकठिकाणी ठेवून बघा. टेनिसचा टप्पा खरा यायचा असेल तर पट्टीखाली सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये. ही तपासणी तुम्ही स्वतः, टर्फचा रोल उलगडण्याआधी करा. त्या दिवशी ठेकेदार नाक मुरडेल. मुरडू द्या, पट्टी फिरवल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.

पाण्याचा अंदाज बांधायला तुमच्या मैदानाचेच उदाहरण घ्या. १२० चौरस मीटरवर २५ मिलिमीटर पाऊस पडला की ३,००० लिटर पाणी होते. ते टर्फच्या पाठीवरच्या भोकांतून खडीत उतरेल, पण तिथून पुढे जाणार कुठे? खालची जमीन पाणी पिणारी असेल तर काळजी नाही. चिकण माती असेल तर खडीचा थर म्हणजे झाकलेला हौद होतो. तेव्हा उताराच्या खालच्या कडेला चर खणून, भोके असलेला पाइप खडीत गाडून तो शोषखड्ड्यात किंवा पावसाच्या गटारात सोडावा लागतो. शेजाऱ्याच्या कुंपणाखाली सोडू नका. तुमच्याकडची जमीन कोणती आहे हे कळायला एक सोपी परीक्षा आहे, ती शेवटी सांगतो.

चारही बाजूंनी काँक्रीटची कड बांधा, नाहीतर खडी पसरत जाते आणि टर्फची किनार लोंबू लागते. कडेचा माथा पात्यांच्या टोकांपेक्षा किंचित खाली ठेवा, म्हणजे धावताना कुणी ठेचकाळणार नाही.

एवढे झाले की टर्फ. रोल बहुधा चार मीटर रुंदीचे मिळतात. दोन रोल शेजारी शेजारी टाकले की आठ मीटर होतात आणि मधे एकच सांधा येतो. पण कारखान्यातून आलेल्या किनारीचे एक-दोन टाके कापूनच सांधा नीट बसतो, म्हणून मैदानाची रुंदी ८ नाही, ७.९ मीटर धरा. दहा सेंटीमीटरच्या मोहापायी तिसरा रोल आणि दुसरा सांधा घेऊ नका. दोन्ही रोल एकाच बॅचचे हवेत, नाहीतर हिरव्याच्या दोन छटा दिसतात. आणि पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत. एक रोल उलटा पडला तर चेंडू घरंगळताना तो कळतोच, शिवाय अर्धे मैदान गडद आणि अर्धे फिके दिसते. रोल उलगडून काही तास उन्हात पडू द्या, सुरकुत्या सुटतात. सांध्याखाली रुंद पट्टी आणि पॉलियुरेथेनचा गोंद वापरतात. जमीन ओली असताना हे काम करू नये. पांढरी रेषा टर्फमध्ये कापून बसवायची तर एकाच खेळाची बसवा, तुमच्याकडे मुलीच्या टेनिसची. बाकीच्या खेळांना खडू पुरतो. तीन रंगांच्या रेषांच्या जंजाळात मुले चेंडूपेक्षा रेषांवरूनच जास्त भांडतात.

मग वाळू. ती धुतलेली, कोरडी, गोल दाण्याची सिलिका वाळू हवी, बांधकामाची नव्हे. एक मिलिमीटरच्या थराला चौरस मीटरमागे साधारण दीड किलो वाळू लागते. १५ मिलिमीटरच्या टर्फमध्ये १२ मिलिमीटर भरली तर सगळ्या मैदानाला दोन टनांहून थोडी जास्त लागेल. कुणी “चार पोती पुरतील” म्हणाला तर हा हिशेब समोर ठेवा. ही वाळूच पाती उभी धरते आणि टर्फला जागच्या जागी दाबून ठेवते. थोडी थोडी पसरून ताठ झाडूने आत घालायची, एकदम ओतली तर पाती आडवी गाडली जातात.

टायरच्या रबराचे काळे दाणे कुणी सुचवले तर नको म्हणा. आखूड टर्फला त्यांची गरजच नसते, आणि ते दाणे बुटांतून घरात आणि पाण्याबरोबर गटारात जातात. युरोपीय संघाने २०२३ साली मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लॅस्टिकवर निर्बंध आणले. त्यात अशा दाण्यांचाही समावेश असून, ऑक्टोबर २०३१ पासून तिथे त्यांची विक्री बंद होईल.

देखभाल लागत नाही, असे तुम्हाला सांगितले जाईल. कापणी लागत नाही, एवढेच खरे. तुमच्या झाडाची पाने दर दोन-तीन दिवसांनी काढावी लागतील, नाहीतर ती वाळूत कुजून तिची भोके बुजवतात आणि सावलीतल्या भागात शेवाळ धरते. आठवड्यातून एकदा पात्यांच्या कलाच्या उलट झाडू मारा. हे काम मुलांच्या वाट्याला द्या, कारण मैदान त्यांचे आहे. आणि एक दिवस हे टर्फ काढून फेकावे लागणार आहे, हेही आजच डोक्यात असू द्या. ऊन, वापर आणि निगा यांवर ठरते, पण आठ-दहा वर्षांनी पाती विरळ होऊ लागतात. खालचा पाया मात्र नीट केला असेल तर तसाच राहतो, त्यावर नवे टर्फ टाकता येते. पैसे कुठे घालायचे हा प्रश्न मला तरी तिथेच सुटलेला वाटतो.

दिव्यांचे खांब लावणार असाल तर शेजाऱ्यांशी आधी बोला, आणि जाळीच्या उंचीबद्दल तुमच्याकडचे नियम विचारून घ्या.

आता ती परीक्षा. या रविवारी मागच्या जागेत, झाडापासून दूर, एक फूट खोल आणि एक फूट रुंद खड्डा खणा. काठोकाठ पाणी भरून ते पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. दर तासाला पातळी किती खाली गेली ते काठीवर खुणा करून मोजा. तासाला अडीच-तीन सेंटीमीटर किंवा जास्त उतरले तर जमीन ठीक आहे, वेगळा पाइप बहुधा लागणार नाही. दुसऱ्या सकाळीही पाणी तसेच उभे असेल तर पाइपाशिवाय पुढे जाऊ नका. मुलाला काठी धरायला बसवा, तो आनंदाने बसेल. आकडा आला की मला लिहा, ते चार नमुने आपण तेव्हा ड्रॉवरमधून काढू.